‘सध्या काय वाचताय?’ची फेरी पुस्तकांच्या यादीवरच का अडते

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. बारा जणांचा वाचकगट आहे. महिन्यातून एकदा तासभर जमता आणि सध्या वाचत असलेल्या, आवडत असलेल्या पुस्तकाबद्दल प्रत्येकजण सांगतो. पहिले दोन-तीन महिने रंगले. आता मात्र पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढ्यावर फेरी संपते. एकाचं ऐकून दुसऱ्याने पुस्तक उचललं असं होत नाही आणि दोघांनी येणंच सोडलं. यावर उपाय म्हणून दर महिन्याला विषय ठरवून द्यावा की सगळ्यांनी एकच पुस्तक वाचावं, असं तुम्ही विचारलंय.

सध्या दोन्ही करू नका. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून चर्चा करणं हा चांगला प्रकार आहे, पण त्याचं काम वेगळं. तिथे एका पुस्तकाच्या खोलात जायचं असतं. तुमच्या गटात एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या हातात जायला हवंय. आणि विषयांची तुमच्याकडे टंचाई दिसत नाही. अडचण अशी आहे की बोलणारा पुस्तकाबद्दल बोलतोय आणि ऐकणाऱ्याला स्वतःबद्दल ठरवायचंय: हे मला रुचेल का, आत्ता रुचेल का, माझ्याकडे आहे तेवढ्या वेळात झेपेल का. या तीन प्रश्नांसाठी काहीच हाती लागलं नाही की तो मान डोलावतो आणि विसरून जातो.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. त्यांतले तीन तुमच्या बैठकीला थेट लागू पडतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा. ‘जरूर वाचा’ हे वाक्य समोरच्या सगळ्यांना उद्देशून असतं. म्हणूनच ते त्यांच्यापैकी एकालाही लागत नाही.

पुढे सांगतोय त्यातलं किती तुमच्याकडे चालेल, हे काही गोष्टींवर ठरेल. माणसं एकमेकांच्या आवडी ओळखतात का, बोलणं समोरासमोर होतं की लिहून, आणि आवडलेलं पुस्तक नंतर सहज मिळतं का. पाच-सहा जणांच्या जुन्या ओळखीच्या गटाला यातल्या निम्म्या नियमांची गरज पडत नाही. बारा जणांना पडते.

सुरुवात ‘सध्या’ या शब्दापासून करू, कारण तुमच्या गटाची खरी ताकद त्यातच आहे. अर्धवट वाचलेल्या पुस्तकाबद्दल निकाल देता येत नाही, म्हणून बोलणारा परीक्षण करण्याच्या भानगडीत पडत नाही. पण त्या पुस्तकात सध्या वावरताना कसं वाटतंय, हे त्याच्याइतकं ताजं दुसरं कोणी सांगू शकत नाही. पूर्ण वाचून झालं की हे चित्र शेवटाच्या रंगात बुडतं: शेवट आवडला तर मधली कंटाळवाणी ऐंशी पानं विसरली जातात आणि शेवट फसला तर आधीची चांगली दोनशे. म्हणून पहिला नियम असा करा की आपण कुठवर आलोय ते प्रत्येकाने सांगायचंच. ‘३२० पैकी १४० पानं झाली’ हे एक वाक्य बाकी सगळ्या बोलण्याला माप देतं. तिसाव्या पानावरचा उत्साह सुरुवातीचा असतो आणि तो टिकेलच असं नाही. दोनशेव्या पानावर तोच उत्साह असेल, तर पुस्तकाने तो कमावलेला असतो.

इथे एक बारीक अडचण येते. आवृत्ती बदलली की पान बदलतं. छापील पुस्तक असेल तर पानासोबत प्रकरणाचा क्रमांकही सांगा. ई-पुस्तकात अक्षर लहान-मोठं केलं की पानांचा हिशेब कोलमडतो, तिथे टक्के सांगा. ऐकायचं पुस्तक असेल तर एकूण तास, झालेले तास आणि कोणत्या वेगाने ऐकताय ते सांगा. दहा तासांचं पुस्तक सव्वापट वेगाने आठ तासांत संपतं. नेहमीच्या वेगाने ऐकणाऱ्याला तुमचा अंदाज दोन तासांनी चुकीचा पडेल. ऐकताना वाचणाऱ्याच्या आवाजाचा वाटा किती आहे, तेही सांगायला हवं. आवाजावर भुललेल्याचं ऐकून छापील प्रत आणणाऱ्याची बऱ्याचदा निराशा होते.

आता बोलण्याची वेळ. एकाला तीन मिनिटं पुरतात. सावकाश बोललं तरी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांत तीनशे ते पावणेचारशे. पहिलं अर्धं मिनिट पुस्तकाच्या ओळखीला: नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आणि मूळ भाषा, प्रकार, एकूण पानं. अनुवादकाचं नाव सौजन्यापुरतं नाही. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद असतील तर ऐकणाऱ्याच्या हाती भलताच पडू शकतो. पुढचं अर्धं मिनिट कुठवर आलात आणि हे पुस्तक का उचललंत याला. मधलं दीड मिनिट कशाने धरून ठेवलंय याला. शेवटचं अर्धं मिनिट कुठे अडखळायला होतं आणि कोणाला आवडणार नाही याला.

बहुतेक माणसं यातल्या दीड मिनिटात कथानक सांगायला लागतात. ती सवय मोडणं हेच खरं काम आहे, म्हणून यावर जरा थांबतो. कथानक सांगणं सोपं वाटतं, कारण त्याला क्रम असतो. पण कथानकावरून वाचनाचा अनुभव कळत नाही. ‘एक मुलगी गाव सोडून शहरात येते आणि तिला आईचं जुनं पत्र सापडतं’ एवढ्यावरून पुस्तक थरारक असेल, संथ असेल, विनोदी असेल, काहीही असू शकेल.

त्याऐवजी अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची कल्पना वापरा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वाचक पुस्तकात चार दारांतून शिरतो: कथा, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही दारं असतात, पण एखादं मोठं असतं आणि एखादं वाकूनच जावं लागेल असं. वाचकाचंही आवडीचं दार बहुधा ठरलेलं असतं. कथेच्या दाराने शिरणाऱ्याला पुढे काय होतं हे हवं असतं. पात्रांच्या दाराने शिरणाऱ्याला फार काही घडलं नाही तरी चालतं, माणसं खरी वाटली पाहिजेत. स्थळकाळवाला त्या जगात राहायला जातो. भाषेच्या दाराने शिरलेला एकेक परिच्छेद दोनदा वाचतो आणि दिवसाला पंधरा पानांतच समाधानी असतो.

आपण कोणत्या दाराने आत आलो, हे ओळखायला सोपी कसोटी आहे. काल पुस्तक मिटताना मनात काय होतं? ‘आता तो पकडला जाणार का?’ असेल तर कथा. ‘तिने असं का केलं असेल?’ असेल तर पात्रं. एखादी खोली, बोट, बाजार डोळ्यांसमोर असेल तर स्थळकाळ. एखादं वाक्य ओठांवर असेल तर भाषा. गटात फक्त एवढं सांगितलं, ‘मी भाषेसाठी वाचतोय, कथा अगदी संथ आहे’, तरी बारापैकी तिघा-चौघांना लगेच कळतं की हे आपलं पुस्तक आहे आणि पाच-सहा जणांना कळतं की आपलं नाही. दोघांचाही वेळ वाचला. ‘मला ते पुस्तक मुळीच आवडलं नाही, तुला कसं आवडलं?’ असे वाद मोठ्या प्रमाणात याच घोटाळ्यातून होतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त एकाला समोर दिसलेलं दार दुसऱ्याने उघडलेलंच नसतं.

ललितेतर पुस्तकांना ही चार दारं पुरत नाहीत. चरित्राला पुरतात, पण विज्ञान, इतिहास, अर्थकारण यांवरच्या पुस्तकाबद्दल बोलताना आणखी दोन गोष्टी हव्यात: लेखक कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय आणि पुरावा कोणत्या जातीचा देतोय. मुलाखती, कागदपत्रं, प्रयोग, की स्वतःची निरीक्षणं? विषयाची आधीची किती माहिती लागते तेही सांगा. ‘शाळेत शिकलेलं गणित आठवत असेल तर पुरतं’ हे ‘सोप्या भाषेत आहे’पेक्षा शंभरपट उपयोगी. कवितासंग्रहाचं वर्णन करत बसू नका. एक कविता, मोठी असेल तर आठ-दहा ओळी, सावकाश वाचा. बाकीचं ऐकणारा स्वतः ठरवेल.

गद्याचंही अर्धं पान मोठ्याने वाचायची प्रथा जरूर पाडा. साधारण दीडशे शब्द, दीड मिनिटात होतात. पण उतारा निवडताना सगळ्यात सुंदर उतारा घेऊ नका. पुस्तकात असे उतारे दहा-बारा असतात आणि बाकीची तीनशे पानं वेगळी असतात. पहिल्या पाव भागातलं एखादं साधं पान घ्या, जिथे नेहमीसारखंच काही चाललंय. वाक्यांची लांबी, संवाद किती, बोली कोणती, अनुवाद अवघडलेला आहे का, हे सगळं त्यातून आपोआप कळतं. पाव भागाची मर्यादा घातली की रहस्यही फुटत नाही.

रहस्यफोडीबद्दल गटात मतभेद होणारच. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लघुकथांवर प्रयोग केला होता. त्यात शेवट आधी कळलेल्या वाचकांनी कथा कमी नव्हे, उलट थोड्या जास्त आवडल्याचं सांगितलं. याचा आधार घेऊन कोणी शेवट सांगायला लागेल, तर त्याला थांबवा. लघुकथा एका बैठकीत संपते. कादंबरीत वाचक दोन-तीन आठवडे घालवतो आणि त्यात ‘पुढे काय’ हे इंधन असतं. शिवाय ते इंधन काढून घ्यायचं की नाही, हे ज्याने त्याने स्वतःपुरतं ठरवायचं. पहिला पाव भाग खुला, त्यापुढचं विचारल्याशिवाय नाही, एवढा नियम पुरतो.

विशेषणांचं पथ्यही पाळायला हवं. ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘अंतर्मुख करणारं’ हे शब्द महिनाभर गटाबाहेर ठेवा आणि त्यांच्या जागी घडलेली गोष्ट सांगा. ‘काल वीस पानं वाचायची ठरवली होती, साठ झाली.’ ‘हे मी झोपताना वाचत नाही, झोप उडते.’ ‘दर प्रकरणानंतर एक दिवस थांबतोय, कारण लगेच पुढे जावंसं वाटत नाही.’ यातलं प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याला काहीतरी ठरवू देतं. पुस्तक किती पानांनंतर पकड घेतं, हेही सांगा. ‘पहिली साठ पानं नावं लक्षात ठेवण्यात जातात, मग सुटतं’ असं आधी कळलेला वाचक पंचेचाळिसाव्या पानावर पुस्तक ठेवून देत नाही.

शेवटचं अर्धं मिनिट लोक गाळतात, कारण आवडलेल्या पुस्तकाची उणीव सांगणं त्यांना कमीपणाचं वाटतं. विश्वास मात्र त्याच अर्ध्या मिनिटाने तयार होतो. बारीक टाइप, तीन पिढ्यांची वीस नावं, तळटीपांची गर्दी, पुन्हापुन्हा येणारा तोच मुद्दा, जे असेल ते सांगा. लहान मुलाचा मृत्यू, अत्याचार, दीर्घ आजारपण असं काही असेल तर एका वाक्यात आधीच सांगावं. समोरचा सध्या कशातून जातोय, हे आपल्याला माहीत नसतं.

इथवर बोलणाऱ्याची बाजू झाली: कुठवर आलोय, कोणत्या दाराने आलोय, कुठे अडखळलो. आता बैठकीची रचना, कारण तुमची खरी गळती तिथे असावी असं वाटतं. बारा जणांना तीन मिनिटं बोलायला आणि दोन मिनिटं प्रश्नांना दिली की तास तिथेच संपतो, आणि प्रत्यक्षात तो सव्वा तासावर जातो. शेवटच्या तिघांकडे कोणाचं लक्ष नसतं. त्यापेक्षा दर वेळी आठच जणांनी बोलावं आणि चौघांनी फक्त ऐकून प्रश्न विचारावेत. पाळी फिरती ठेवा. आठ जणांची चाळीस मिनिटं झाली की वीस उरतात.

त्यातली पहिली दहा मिनिटं बैठकीच्या सुरुवातीलाच मागच्या हिशेबाला द्या. एका वहीत पाच रकाने आखा: पुस्तक, कोणी सांगितलं, कोणी उचललं, कितव्या पानापर्यंत गेलं, पुढे काय झालं. एक साधं कारण पाहा. मागच्या महिन्यात मी सांगितलेल्या पुस्तकाचं काय झालं, हे कोणी कधीच विचारलं नाही, तर या महिन्यात मी काळजीपूर्वक कशाला सांगेन? उलट ‘तुम्ही सांगितलेलं घेतलं, सत्तर पानं वाचली आणि सोडलं, कारण मला कथा हवी होती’ हे ऐकलं की सांगणाऱ्यालाही त्या वाचकाची आवड कळते. पुढच्या वेळी तो त्याच्यासाठीच एखादं पुस्तक आणतो. दर बैठकीमागे एक-दोन पुस्तकं जरी हातातून हातात गेली, तरी गट उत्तम चाललाय असं समजा. आठही जावीत ही अपेक्षा ठेवलीत तर उगाच निराश व्हाल.

उरलेली दहा मिनिटं देवाणघेवाणीची. प्रत पुढच्या बैठकीपर्यंतच द्यायची, नाव आणि तारीख त्याच वहीत लिहायची, मुदत एकदाच वाढवायची. पेनाने खुणा करायच्या नाहीत. जी प्रत हरवली तर परत मिळणार नाही ती देऊच नये, आणि न दिल्याचं कोणी वाईट वाटून घेऊ नये.

येणं सोडलेल्या दोघांबद्दल. कारण त्यांनाच विचारा, पण अशा गटात बहुतेकदा एकच कारण निघतं: त्यांचं वाचन थांबलेलं असतं किंवा पुस्तक अर्ध्यात सुटलेलं असतं आणि रिकाम्या हाताने यायला संकोच वाटतो. म्हणून सोडलेल्या पुस्तकालाही बैठकीत हक्काची जागा द्या. पर्ल यांचाच एक हिशेब आहे: पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पन्नास पानं वाचून पाहावीत आणि नाहीच जमलं तर पुस्तक बाजूला ठेवावं; पन्नाशीनंतर शंभरातून वय वजा करावं. चौसष्टाव्या वर्षी छत्तीस पानं पुरेत. आकडा तुम्ही बदला, पण सोडायला परवानगी आहे हे गटात मोठ्याने म्हटलेलं असू द्या. कोणी काय सोडलं आणि कितव्या पानावर, ही माहिती आवडलेल्या पुस्तकाइतकीच उपयोगी असते. ‘सध्या काही वाचत नाहीये’ हेही पूर्ण उत्तर धरा. त्या माणसाने शेवटचं मनात राहिलेलं पुस्तक सांगावं किंवा नुसते प्रश्न विचारावेत.

आणि वर्षभरात कोणी किती पुस्तकं वाचली याची मोजणी गटात करू नका. ती सुरू झाली की माणसं पातळ पुस्तकं निवडतात, संथ वाचणारा गप्प होतो आणि आठशे पानांचं पुस्तक दोन महिने वाचणाऱ्याला आपण मागे पडल्यासारखं वाटतं. खरं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं. एकच पुस्तक सलग तीन बैठकांत आलं तरी येऊ द्या. ६० व्या, ३०० व्या आणि ७०० व्या पानावरचं बोलणं तीन वेगळ्या पुस्तकांबद्दल असल्यासारखं निघतं.

मधल्या महिन्यात लिहून सांगायचं असेल तर क्रम तोच ठेवा, फक्त ८० ते १२० शब्दांत. मुखपृष्ठाच्या फोटोबरोबर शीर्षकपान आणि त्याच्या मागच्या पानाचाही फोटो टाका. आवृत्ती, वर्ष आणि आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळखक्रमांक, बहुधा तिथे असतो. २००७ पासून तो तेरा आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा आकडी दिसेल. नेमकी तीच आवृत्ती किंवा तोच अनुवाद शोधायला याच्याइतकं खात्रीचं साधन नाही. एका वेळी एकच पुस्तक टाका. पाच मुखपृष्ठं एकदम आली की एकावरही कोणी थांबत नाही.

विषय ठरवावा का, हा तुमचा मूळ प्रश्न राहिला. अधूनमधून, तिसऱ्या-चौथ्या महिन्याला ठरवायला हरकत नाही, पण आशयावरून ठरवू नका. ‘पर्यावरण’ असा विषय दिला की लोक बैठकीसाठी म्हणून वाचायला लागतात आणि ‘सध्या’ची जागा गृहपाठ घेतो. त्याऐवजी रूपावरून ठरवा: दीडशे पानांच्या आतलं, अनुवादित, दुसऱ्यांदा वाचत असलेलं, घरात पाच वर्षं न वाचता पडलेलं. अशी पुस्तकं बहुतेकांच्या हाताशी आधीच असतात. दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांची फेरी तर आवर्जून घ्या. पहिल्या वेळी कथेच्या दाराने शिरलेला माणूस दुसऱ्या वेळी जवळपास नेहमीच वेगळ्या दाराने शिरतो आणि त्याबद्दल बोलायला त्याला तीन मिनिटं पुरत नाहीत.

हे सगळं एकदम आणू नका. पुढच्या बैठकीत फक्त पान आणि दार, एवढंच मागा. त्या दोघांना आधी निरोप पाठवा की या वेळी तुमची पाळी ऐकणाऱ्यांत आहे, पुस्तक आणायची गरज नाही. आणि बैठक उघडताना ‘काय वाचताय’ विचारण्याआधी वही काढून विचारा: मागच्या वेळी ऐकलेल्यांपैकी कोणी काही उघडून पाहिलं का, आणि कितव्या पानापर्यंत गेलात?